या महिन्यात काय सापडलं?

भायखळा स्टेशनाबाहेर पाय ठेवलात की काळ बदलल्याचं आधी नाकाला कळेल. गिरण्यांच्या धुराड्यांतला कोळसा, शिग्रामांच्या घोड्यांची लीद, पावसात भिजलेल्या कापसाच्या गासड्या. तारीख १५ सप्टेंबर १८८३, वार शनिवार. भाद्रपद आहे, पौर्णिमा तोंडावर आली आहे. घरोघरचे गणपती बहुतेक पोचवून झालेत. चौकात मांडव घालून गणपती बसवायची पद्धत पडायला अजून दहा वर्षं आहेत. डोकं झाकलेलं असू द्या. उघड्या डोक्यानं हिंडणारा माणूस या शहरात लगेच नजरेत भरतो.

राणीच्या बागेकडं चला. बागेत घारापुरीच्या दगडी हत्तीचे तुकडे पडलेले आहेत. १८६४ साली तो बेटावरून विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तो पडून फुटला आणि हे तुकडे इथं आणून ठेवले. ते जोडून हत्ती पुन्हा उभा राहायला १९१४ साल उजाडणार आहे, त्यामुळं तुम्ही पाहिलेला हत्ती इथं शोधू नका. समोरची देखणी इमारत मात्र ओळखीची वाटेल. तुम्ही तिला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणता, इथं तिचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. लोकांसाठी उघडून अकरा वर्षं झाली. ती उभी राहावी म्हणून झटलेले भाऊ दाजी नऊ वर्षांपूर्वी गेले.

दारातला शिपाई तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

"कुठं निघालात?"

"आत सभा आहे ना, साहेब लोकांची?"

"साहेब लोकांची आन् आपल्या दोन डॉक्टरांची. जावा आत. जोडे पुसून."

त्यानं सांगितलेलं नीट ऐकलंत ना? आपल्या दोन डॉक्टरांची. त्यासाठीच तुम्हाला इथं आणलं आहे. तुम्ही बाई असाल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवायला हवी: या टेबलाभोवती एकही बाई नाही. कालप्रवासात एवढी सवलत घेता येते, घ्या आणि आत चला. बायकांचा विषय पुढं येणारच आहे, आणि तो या खोलीतूनच निघणार आहे.

आठ माणसं बसली आहेत. मॅकडोनल्ड, स्विनहो, अँडरसन, जॉन्स्टन, मॅकोनोकी, एटकिन, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग, डॉ. सखाराम अर्जुन. आठांतला कुणीही प्राण्यापक्ष्यांवर पोट भरत नाही. कर्नल स्विनहो फौजेतले, जीव फुलपाखरांत आणि पतंगांत. एडवर्ड एटकिन मीठ आणि जकात खात्यातले. त्यांचा जन्म साताऱ्याचा, १८५१ सालचा. बाप स्कॉटिश मिशनरी. नोकरीमुळं मिठागरं आणि नाकी हिंडत राहायचं, आणि हिंडताना डोळे मिटायचे नाहीत, असा हा गृहस्थ. याच वर्षी त्यांचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आलं आहे. त्यावर नाव आहे फक्त तीन अक्षरांचं, 'ईएचए'. नावावरून सरहद्दीवरच्या टोळ्यांची कहाणी वाटते, पण या टोळ्या म्हणजे बंगल्यातले उंदीर, भिंतीवरच्या पाली, साखरेच्या डब्यातल्या मुंग्या, कावळे, वटवाघळं आणि पावसाळ्यात ओरडणारे बेडूक. वाघ मारल्याच्या बढाया ज्या काळात छापून येत होत्या त्या काळात हा माणूस आपल्याच घरात खुर्ची टाकून बसला आणि भिंतीकडं बघत राहिला. मला ही हिंमत वाटते. रोजचं बघणं लिहिण्याजोगं आहे यावर विश्वास ठेवायला वाघासमोर उभं राहण्याहून कमी धैर्य लागत नाही.

पगडीतल्या वृद्ध गृहस्थांकडं बघा. आत्माराम पांडुरंग तर्खडकर साठीचे आहेत. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८६७ साली प्रार्थना समाज त्यांच्या पुढाकारानं सुरू झाला, १८७९ साली ते मुंबईचे शेरीफ होते. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा त्यांचे थोरले बंधू, ते गेल्याच वर्षी वारले. पाच वर्षांपूर्वी विलायतेला निघालेला एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा याच डॉक्टरांच्या घरी राहिला होता, इंग्रजी रीतिरिवाज शिकायला. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर.

त्यांच्याशेजारी सखाराम अर्जुन. हा झाडांचा माणूस. मुंबईच्या बाजारात आणि आसपासच्या रानात मिळणाऱ्या औषधी वनस्पतींची त्यांनी केलेली सूची १८७९ साली छापून आली. विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवायचं, रोगी तपासायचे, आणि काष्ठौषधी विकणाऱ्याच्या टोपलीत डोकावायचं, ही तिन्ही कामं एकच माणूस करत होता म्हणून ती सूची झाली. आजची सभा खरं तर प्राणिसृष्टीसाठी भरली आहे. तरी झाडांचा माणूस इथं आहे. मित्रमंडळ जमताना विषयांची कुंपणं अशीच ढिली असतात.

काय ठरतंय ते ऐका. फार मोठं काही नाही. महिन्यातून एकदा भेटायचं, प्राण्यांविषयी जे बघितलं ते एकमेकांना सांगायचं, चांगला नमुना हाती लागला असेल तर तो आणून दाखवायचा. एवढंच. या सोसायटीचं नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. देणगी नाही, सरकारी ठराव नाही, स्वतःची जागा नाही. एटकिन चिटणीस.

आता जरा बाहेरच्या हवेचा अंदाज घ्या, म्हणजे या खोलीचं मोल कळेल. याच वर्षीच्या फेब्रुवारीत इल्बर्ट बिल मांडलं गेलं. देशी न्यायाधीशासमोर गोऱ्या आरोपीचा खटला चालावा की नाही, एवढाच प्रश्न, आणि त्यावरून कलकत्त्यापासून इथपर्यंत गोरा समाज खवळला आहे. सभा, निषेध, शिव्याशाप. मुंबई जिमखान्यात देशी माणसाला सभासद होता येत नाही. अशा सप्टेंबरात सहा इंग्रज आणि दोन मराठी डॉक्टर एका टेबलाभोवती बसून पतंगाच्या पंखांवर बोलताहेत. त्यांनी बिलाच्या विषयाला मुद्दाम बगल दिली असेल असं मला वाटत नाही. समोर काही बघण्याजोगं ठेवलेलं असलं की माणसं आपोआप एका बाजूला येतात, वस्तू दुसऱ्या बाजूला. मित्र होण्याची ही फार जुनी रीत आहे. गोट्या खेळणाऱ्या पोरांनाही ती ठाऊक असते.

पण ही बरोबरी टेबलापुरतीच आहे हेही मनाशी ठेवा. टेबलावर येणाऱ्या नमुन्यांतले कितीतरी कुणा कातकऱ्यानं दाखवलेल्या बिळातून, कुणा कोळ्याच्या जाळ्यातून, कुणा ठाकराच्या पोरानं चढलेल्या झाडावरून येणार आहेत. चिठ्ठीवर नाव साहेबाचं लागेल. 'सापडलं' हा शब्द इथं फार सैल वापरला जातो.

बाहेर पडाल तेव्हा संध्याकाळ झाली असेल. ढग फाटले असतील तर आभाळाकडं नजर टाका. एकोणीस दिवसांपूर्वी सुंदाच्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ फुटला. गेल्या आठवड्यात मद्रासेकडं सूर्य हिरवा दिसला. अशी बातमी कानावर आली की ती दुसऱ्याला सांगेपर्यंत जिवाला चैन पडत नाही. या आठजणांच्या अंगात तेच आहे, आणि तुमच्याही.

आता वर्ष ओलांडू. १८८४ चा श्रावण. काळा घोडा बसवून पाच वर्षं झालीत, तो अजून नवाच आहे. त्याच्याजवळ फोर्ब्स स्ट्रीट, घर नंबर १८. मद्याचे व्यापारी असलेल्या एच. एम. फिप्सन यांनी जानेवारीत इथली एक खोली सोसायटीला वापरायला दिली. त्याच जानेवारीत तिकडं इल्बर्ट बिल तडजोडीनं कसंबसं मंजूर झालं. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण एकाच महिन्यात घडल्या हे मला दर वेळी आठवतं.

या खेपेला तुम्ही नुसते बघे नाही. तुमच्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी आहे. माहीमकडच्या वाडीत, निवडुंगाच्या कुंपणात अडकलेली सापाची कात. काढताना दोन ठिकाणी फाटली, बाकी सबंध आहे.

जिना चढा. खोलीत स्पिरिटचा वास आहे, त्यात कापूर मिसळलेला. बरण्यांमधून सरडे आणि साप पांढुरके होऊन तरंगताहेत. काचेच्या पेट्यांत टाचणीवर फुलपाखरं. एका कोपऱ्यात पक्ष्यांची कातडी, आतून सोमलाचा साबण चोळून कीड लागू नये अशी केलेली. हात लावू नका, विष आहे ते. वर्षभरापूर्वी या मंडळींकडं टेबलही स्वतःचं नव्हतं. ज्यानं जे दाखवायला आणलं ते तो इथंच सोडून गेला, आणि असं सोडता सोडता संग्रह झाला.

एकेकजण आपापलं काढतो. कुणी एका डबीतून ढालकिडा, कुणी नुसतीच हकिकत: ओटीवरच्या दिव्याखाली पालीनं विंचू धरला, मग काय झालं. हकिकतीलाही इथं नमुन्याइतकाच मान आहे, पण तिची कसून चौकशी होते. किती वाजता? तुम्ही स्वतः पाहिलं की गड्यानं सांगितलं? आधी पकडलं कुठं, नांगीकडं की डोक्याकडं? सांगणारा अडखळतो, आठवू लागतो, आणि आठवता आठवता त्याला कळतं की आपण निम्मं बघितलंच नव्हतं. पुढच्या वेळी तो नीट बघणार. मित्रांना सांगायचं आहे हे माहीत असलं की माणसाची नजर बदलते.

तुमची पाळी. कागद उलगडा.

कात टेबलावर पसरली की चारपाच डोकी एकदम खाली वाकतात. पहिला प्रश्न सापाचा नाही, जागेचा आहे. कुठं मिळाली, जमिनीवर की वर, कुंपणाच्या कुठल्या अंगाला, कोणत्या दिवशी, पाऊस होता का? तुम्ही सांगता. कुणीतरी लिहून घेतो. मग एकजण काडीनं डोक्याकडची बाजू अलगद सरळ करतो आणि ती उजेडाकडं धरतो. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक टिकल्या आहेत. सापाला पापणी नसते, डोळ्यावर स्वच्छ खवला असतो, आणि कातीबरोबर तोही सुटतो. म्हणून कात टाकायच्या आधी काही दिवस सापाचे डोळे दुधाळ दिसतात: जुन्या आणि नव्या खवल्यामध्ये ओल साचलेली असते, त्याला धड दिसत नसतं, आणि तो चिडका होतो. ही टिकली तुम्ही घरून निघताना बघितली होती का? कात हातात होती, पिशवीत होती, गाडीत मांडीवर होती. टिकली इथं दिसली.

मग लक्षात येतं की सगळी कात उलटी आहे, पायातून ओढून काढलेल्या मोज्यासारखी. साप ओठांची कडा कशाला तरी घासून सोडवतो, कात काट्यात अडकवतो आणि तिच्यातून पुढं सरकत निघून जातो. निवडुंगाचं कुंपण म्हणूनच. आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत. लांबी मोजली जाते, आणि कुणीतरी सांगतं की साप एवढा लांब नसणार. खवल्यांच्या मधली घडीची कातडी उलगडते म्हणून कात सापापेक्षा लांब भरते. साप सांगताना लोक वाढवून सांगतात असं आपण म्हणतो, त्यातला थोडा दोष कातीचाही असावा.

आता मोजणी. अंगाच्या मध्यावर एका बाजूच्या पोटखवल्यापासून दुसऱ्या बाजूपर्यंत, तिरक्या रेषेत, खवल्यांच्या ओळी. नागाच्या साधारण एकवीस ते पंचवीस भरतात. मण्यार असती तर पाठीच्या कण्यावरची ओळ मोठ्या षटकोनी खवल्यांची असती. घोणसाचे खवले कणा असलेले, खरखरीत, आणि ओळी सत्तावीसच्या पुढं. तुमच्या कातीत सतरा भरतात. शेपटीकडं त्या कमी होतात. शेपटीखालचे खवले दुहेरी. डोळा मोठा. धामण.

तुम्हाला हायसं वाटतं आणि किंचित निराशाही. नाग असता तर गोष्ट रंगली असती. मग तुम्ही गावाकडं ऐकलेलं सांगून टाकता: धामण म्हणजे नागाची बायको, दोघं गुंडाळून उभी राहतात, अंगावरून कपडा टाकला तर तो देव्हाऱ्यात ठेवतात. इथं कुणी हसत नाही. गुंडाळून उभे राहिलेले साप तुम्ही स्वतः पाहिलेत का, हे विचारतात. पाहिलेत. दोन्ही धामणी होत्या की एक नाग? दोन्ही धामणी. म्हणजे गोष्टीतला नाग तुमच्या डोळ्यांना दिसला नव्हता, कानांना दिसला होता. ही दुरुस्ती तुमच्याच तोंडून निघते, दुसऱ्या कुणाला करावी लागत नाही.

तुमच्या ओठांवर आणखी एक वाक्य आलंय, ते गिळा. गुंडाळून उभ्या राहणाऱ्या त्या दोन्ही धामणी नर असतात, ती झुंज असते, प्रणय नसतो. तुमच्या काळात हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. इथं ते कळायला खूप वर्षं आहेत, आणि ते अशाच कुणी कुणी बघून, लिहून पाठवलेल्या हकिकती साठत जाऊन कळणार आहे. शोध त्यांचा त्यांना लावू द्या.

या खोलीतलं मला न रुचणारंही सांगतो. टेबलावरचं बहुतेक सगळं मेलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं दाखवण्यासाठीच मारलेलं आहे. पक्षी बघणं म्हणजे पक्षी पाडणं असा हा काळ आहे. दुर्बिणी जड, चित्रांची पुस्तकं थोडी, हातात धरून बघितल्याशिवाय ओळख पटायची नाही, ही कारणं खरी आहेत. पण बंदुकीचा शौक त्यांच्या आडून पुष्कळ मजा करून घेतो, हेही खरं आहे. तुमची कात या टेबलावर वेगळी पडते, कारण तिचा मालक जिवंत आहे आणि आत्ता माहीमच्या वाडीत उंदीर शोधत असेल.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इथं आलात तर एक माणूस कमी दिसेल. सखाराम अर्जुन १८८५ च्या एप्रिलमध्ये गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्या घरी आपण गेलो नाही, तिकडं आता वळायला हवं. त्यांच्या पत्नी जयंतीबाईंचा हा दुसरा विवाह. पहिल्या पतीपासूनची मुलगी रुखमा याच घरात वाढली. अकराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं होतं. ती नांदायला गेली नाही, घरीच वाचत राहिली. १८८४ साली नवऱ्यानं तिच्यावर दावा लावला. म्हणजे तुम्ही फोर्ब्स स्ट्रीटवर धामणीचे खवले मोजत होता तेव्हा झाडांच्या या डॉक्टरांच्या घरात कोर्टाचे कागद येऊन पडले होते. टेबलावर त्याची चर्चा झाली असेल की नाही, तुम्हीच ठरवा. मित्र महिन्याला एकदा भेटतात, एकमेकांना कीटक दाखवतात, आणि घरातलं मोठं दुखणं दारातल्या जोड्यांपाशी ठेवून येतात, हे आपल्याही काळात होतं.

१८८५ साली रुखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' या नावानं 'टाइम्स ऑफ इंडिया'ला पत्रं लिहिली: बालविवाहावर, बायकांच्या सक्तीच्या जिण्यावर. निनावी पत्रं, पण सगळ्या शहरानं वाचली. खटला गाजला, १८८८ साली तडजोडीनं मिटला. आता सूत जुळवून बघा. डिसेंबर १८८३ मध्ये, म्हणजे म्युझियममधल्या त्या सभेनंतर तीन महिन्यांत, एडिथ पीची नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली, बायकांच्या दवाखान्याचं काम बघायला. पुढं कामा हॉस्पिटल तिच्या देखरेखीखाली सुरू झालं. १८८९ साली तिनं लग्न केलं ते फिप्सनांशी, खोली देणाऱ्या त्याच फिप्सनांशी. आणि रुखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी लंडनला धाडताना ज्यांनी हात दिला त्यांत एडिथ पीची-फिप्सन पुढं होत्या. रुखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायकांचे दवाखाने चालवले.

टेबलाभोवती बाई नव्हती असं मी सुरुवातीलाच म्हणालो. पण टेबलावरच्या ओळखींचे धागे घराघरांत कसे जातात ते बघितलंत ना.

मधली वर्षं भराभर जाऊ द्या. जानेवारी १८८६ मध्ये सोसायटीच्या जर्नलचा पहिला अंक निघाला, संपादक एटकिन आणि स्टर्नडेल. खोलीत मावेना तेवढी मंडळी झाली होती. शिवाय कुणी खानदेशात फॉरेस्टात, कुणी कारवारला, कुणी रेल्वेच्या कामावर, दर महिन्याला मुंबईला कसं यायचं? मग टेबलच टपालानं पाठवायचं ठरवलं म्हणा. त्या जर्नलमध्ये मोठमोठे लेख असतात, पण माझा जीव लेखांच्या मागं छापल्या जाणाऱ्या किरकोळ टिपणांत अडकतो. कुणाला घरट्यात वेळेआधी अंडी दिसली, कुणाला एक पक्षी नेहमीच्या मुलखाबाहेर दिसला, कुणाच्या विहिरीत काय पडलं. पाचदहा ओळी, खाली नाव, गाव, तारीख. तसली टिपणं आजही छापली जातात. तुमची धामणीची कात तिथं दहा ओळींत सहज बसेल.

सोसायटी १८८६ सालीच ६, अपोलो स्ट्रीटला गेली. तिथं तुम्हाला १९०८ साली उतरवतो.

जपून आत या. चिटणिसांच्या खुर्चीमागं विल्यम बसला आहे. भला थोरला धनेश पक्षी, चार फुटांहून लांब, चोचीवर पिवळं शिरस्त्राण. कारवारच्या इंगल नावाच्या गृहस्थांनी १८९४ साली तीन महिन्यांचं पिल्लू असताना तो भेट दिला. आला तो घरचाच झाला. केळी खातो, उंबरं खातो, उंदीर आणि विंचवांनाही नाही म्हणत नाही. तीसेक फुटांवरून टेनिसचा चेंडू फेकलात तर चोचीत झेलतो. फेकून बघा. तो १९२० पर्यंत इथंच राहणार आहे, आणि तुमच्या काळात सोसायटीच्या बोधचिन्हावर आणि 'हॉर्नबिल हाउस' या तिच्या इमारतीच्या नावात त्याची जात उरली आहे. इतक्या बरण्यांमध्ये आणि भुसा भरलेल्या कातड्यांमध्ये या एका जिवंत पक्ष्यावर सगळ्यांनी सर्वांत जास्त माया केली, हे मला बरं वाटतं.

खुर्चीवर आता फिप्सन नाहीत. त्यांच्याच पेढीतले भागीदार डब्ल्यू. एस. मिलार्ड सन्माननीय चिटणीस आहेत. दार ढकलून एक मुलगा आत येतो. अकरा-बारा वर्षांचा, खेतवाडीत मामांकडं वाढणारा, आईबाप नाहीत. मामा अमीरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद, त्यांनीच त्याला इथं धाडलं आहे. हातात पुडी. पुडीत चिमणी, छऱ्याच्या बंदुकीनं स्वतःच मारलेली. चिमणीसारखी चिमणी, फक्त गळ्याशी पिवळा ठिपका, आणि तो का आहे हे घरात कुणाला सांगता येईना.

आता मघाच्या टेबलाशी ताडून बघा. साहेब आहे, कचेरी आहे, पंचवीस वर्षांची प्रतिष्ठा आहे, आणि समोर एक बुजलेला पोर. मिलार्ड पुडी उघडतात, बघतात आणि सांगतात: पीतकंठी चिमणी. तिथं काम संपलं असतं. ते उठतात आणि संग्रहाचे खण ओढू लागतात. एका खणात त्याच जातीच्या चिमण्या, शेजारच्यात दुसऱ्या, मग आणखी, एकेक खण, एकेक पक्षी. मुलाला ठाऊक नव्हतं की एवढे पक्षी आहेत आणि एवढे नीट मांडून ठेवता येतात. ही पक्ष्यांची कातडी कशी तयार करायची ते तुला शिकवायची सोय करतो, म्हणतात. तू स्वतःचा संग्रह कर. वाचायला पुस्तकंही देतात.

मुलाचं नाव सलीम. सलीम अली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बंदूक बाजूला ठेवून जिवंत पक्षी बघायला, त्यांच्या घरट्यांशी तासन्‌तास बसायला त्यांनी या देशाला शिकवलं. त्यांनी त्या चिमणीच्या नावानं १९८५ साली आत्मचरित्र लिहिलं.

पण आज त्याच्या काखेतली पुस्तकं कुठली आहेत ते तेवढं वाकून बघा. त्यांत एक आहे 'कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे'. कावळे, घारी, साळुंक्या, चिमण्या, म्हणजे कुणीही खिडकीतून बघेल ते पक्षी. वर नावाच्या जागी तीन अक्षरं: ईएचए. मिठागरांचे एटकिन दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन एडिंबरोला गेलेत, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ते वारतील. मुलगा पुस्तकं सावरत जिना उतरतोय, आणि मिलार्ड तुमच्याकडं वळून विचारतात, तुम्ही काय आणलंत?